काजळलेलं भिंग

बार्लोला बोट लावायचं नाही, हे मी त्या दिवाळीत आबांना इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते वैतागून म्हणाले, "तुझ्या बारलूला सोयर पडलंय का गं बाई?"

बार्लो म्हणजे बोटभर लांबीचं नळकांडं, आत भिंग बसवलेलं. दुर्बीण आणि आपण डोळा लावतो ते भिंग, या दोघांच्या मधे ते अडकवलं की चंद्र दुप्पट मोठा होऊन पुढ्यात येतो. मी आखाडा बाळापूरला शाळेत विज्ञान शिकवते. दुर्बीण माझी स्वतःची, आणि तिच्या बाबतीत मी खाष्ट आहे. भिंग पदराने पुसायचं नाही, तोंडाने फुंकायचं नाही, धूळ उडवायची ती रबरी फुग्याने. काम झालं की दोन्ही टोकांना टोपण लावून डबीत. पोरं मला पाठीमागे भिंगबाई म्हणतात. म्हणोत बापडी.

माहेर सेनगावच्या पुढे, माळाच्या कडेला. आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, पंचवीसेक शेळ्या. तरुणपणी बाभळीचा काटा शिरून त्यांचा डावा डोळा गेला, तेव्हापासून उजव्या एका डोळ्यावर सगळा संसार. पण नजर अशी की कुठली शेळी लंगडते ते बांधावरूनच सांगतील. मी दिवसा दुर्बीण माळाकडे लावून दिली, बार्लो बसवला, तर हरखूनच गेले. "अगं, कानावरची गोचीड दिसून राहिली की!" दोन दिवसांत दुर्बीण फिरवायला, धरायला, सगळं शिकले.

त्यांची एक खोड होती. करडाला बाटलीचं दूध पाजायचं तर पहिला घोट स्वतःच्या जिभेवर. जंताचं औषधही आधी स्वतः चाटून बघायचे आणि मग दिवसभर थुंकत बसायचे. "जित्राबाच्या आधी आपण," म्हणायचे. आई हसायची, आम्हीही हसायचो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधे ग्रहणाचा दिवस आला होता. सूर्य मावळता मावळता ग्रासला जाणार होता. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचं आणि सगळ्यांनी ते पुठ्ठ्यावर बघायचं, असा माझा बेत. घरात बजावलं, "उघड्या भिंगातून सूर्याकडं कुणी बघायचं न्हाई." आबांनी मान डोलावली. माझी आठ वर्षांची अंजली त्यांच्या मांडीवर बसली होती, तिनेही डोलावली. मी पुठ्ठा आणायला सेनगावला गेले.

पुठ्ठा मिळाला, पण परतायला जीप मिळेना. ग्रहणात गाडी काढायला कुणी तयार नव्हतं. एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून कशीबशी घरी पोचले. आई डब्या-भांड्यांत तुळशीची पानं टाकत होती.

"अंजी कुठंय?"

"आबासंगं गेली माळावर. शेळ्यांला कुठलं आलंय सुतक!"

कोपऱ्यात दुर्बीण नव्हती. बार्लोची डबी उघडी, रिकामी. तिच्याशेजारी दिवाळीची पणती, वात मोठी करून जाळलेली, आणि माझ्या पांढऱ्या मऊ फडक्यावर काळ्या बोटांचे ठसे.

"आई, हे काय?"

"काच काजळून घेतली त्यांनी," आई कौतुकाने म्हणाली. "तूच म्हणलीस ना, उघड्या भिंगातून न्हाई म्हणून? आमी लहानपणी काजळलेल्या काचंतूनच गिऱ्हाण बघायचो. डोळ्याला लागत न्हाई."

साध्या काचेतून बघणंही वाईटच, पण ही दुर्बीण होती. उन्हात भिंग धरून कागद जाळायचा खेळ प्रत्येक पोर खेळतं. दुर्बीण तेच ऊन गोळा करून नळीत सोडते. काजळी ती काय, पहिल्या झटक्यात जळून जाणार, आणि मागे माझ्या लेकीचा डोळा.

आबांना फोन लावला. तो भिंतीतल्या देवळीत, गणपतीशेजारीच वाजला.

मी चप्पल न घालता पळाले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळी दारं लावलेली. वाटेत सोयाबीनचं कापलेलं रान, त्याचे खुंट तळव्याला टोचत होते. ऊन पिवळं पडत चाललं होतं, संध्याकाळचं नव्हे, आजारी माणसाच्या तोंडासारखं पिवळं. मी मोठमोठ्याने अंजीऽऽ, अंजीऽऽ ओरडत होते आणि दर हाकेला वाटत होतं, हाक ऐकूनही तिने डोळा काढला नसेल तर? ती तशीच आहे, एकदा बघायला लागली की जेवायलाही उठत नाही. इतकी भीती मला तिच्या वेळच्या बाळंतपणातही वाटली नव्हती. मी देवाला नवस बोलले, मी, जी वर्गात नवसांची टिंगल करते.

तुरीच्या पट्ट्यापलीकडे दुर्बीण दिसली. नळी थेट सूर्यावर रोखलेली. तिच्यापासून चार हातांवर आबा दगडावर सूर्याला पाठ करून बसले होते आणि अंजली त्यांच्या पुढ्यात चिंचोक्यांनी खेळत होती.

मी आधी दुर्बिणीचं तोंड खाली केलं. मग अंजलीला धरून गदागदा हलवलं. "बघितलंस? डोळा लावलास? खरं सांग!"

"न्हाई गं. आबा म्हणले थांब, आधी मी. मग म्हणले, राहू दे, चल चिंचोके खेळू."

मी तिचा एकेक डोळा झाकून बोटं दाखवली. दोन, चार, एक. सगळी बरोबर. लांबच्या शेळीचा रंग विचारला. "काळी-पांढरी, बांडी," म्हणाली. तेव्हा कुठे मी मातीतच बसले.

मग आबांवर तुटून पडले. "आबा, तुमाला काही कळतं का? पोरीचा डोळा गेला असता! आणि ते कळतही न्हाई हो, दुखत न्हाई ते. आतला पडदा जळतो आणि माणूस आपला हसत घरी येतो."

आबा ऐकत होते. नेहमी मला अर्ध्यात तोडतात, त्या दिवशी तोडलं नाही.

"तुमी लावला का डोळा?"

"कुठं गं. सूर्य भिंगात येईचना. नुसता हलून राहिला." मग त्यांनी विचारलं, "असं झालं तर मंग नीट व्हतं का ते?"

"कुणाचं होतं, कुणाचं न्हाई."

"मंग बरं झालं, पोरीनं न्हाई लावला."

येताना ते अंजलीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. मला वाटलं, नातीची माया. शेळ्या आपसूकच घरी आल्या. त्या रात्री मी अंजलीला कुशीत घेऊन झोपले आणि दोनदा उठून तिचे डोळे बघितले.

पाडव्याच्या सकाळी बार्लो साफ करायला घेतला. टोपण काढलं, उजेडाकडे धरला. भिंगावर काजळीचा सारखा, काळाभोर थर होता. फक्त बरोबर मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी जागा लख्ख होती. तिथली काजळी पुसलेली नव्हती, जळाली होती. भिंगावरचा लेपही तिथे करपला होता.

म्हणजे सूर्य भिंगात आला होता.

काल मी एकाच माणसाचे डोळे तपासले होते.

"राधे, ओवाळायचं खोळंबलंय," आईने हाक मारली. पाडव्याला लेकीने बापाला ओवाळायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आबा पाटावर बसले होते, नवा फेटा, कपाळाला कुंकू. मी ताट उचललं. निरांजन तेवत होतं. ओवाळायला मला धीर होईना. ताट मी त्यांच्या तोंडासमोर, अगदी त्या एका डोळ्याच्या पुढ्यात धरलं आणि तसंच धरून राहिले.

आबा माझ्याकडे बघत होते. जरा बाजूला, माझ्या कानाकडे.

"थांबलीस काहून बाई?" ते हसून म्हणाले. "दिवा लाव की."