पानिपतची रजई

माझ्या सुनेनं तिच्या जुळ्यांसाठी दोन छोटे पलंग मागवले होते. चारी बाजूंनी कठडे, खाली फळीसारखी टणक गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि बस्स. उशी नाही, पांघरूण नाही, मऊ म्हणावं असं काही नाही. दिल्लीतला जानेवारी, चार दिवस उन्हाचा पत्ता नाही, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरची फरशी पायाला चावतेय, आणि तीन आठवड्यांची दोन लेकरं त्या फळ्यांवर उताणी. अंगात लोकरीचं झबलं आणि वरून बिनबाह्यांची पिशवी. बटाटे भरून ठेवावेत तशी भरलेली.

"स्वरूपा, अगं कैद्यालासुद्धा घोंगडी देतात," मी म्हटलं.

"आई, हॉस्पिटलमध्ये सांगितलंय. पिशवी पुरते. वर मोकळं काही टाकायचं नाही."

स्वरूपाला आई नाही, म्हणून बाळंतपणासाठी मी आणि माझे यजमान खंडेराव पुण्याहून आलो होतो. मी काही अडाणी सासू नव्हे. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, डॉक्टरांनी दिलेला कागद मला वाचता येतो. पण थंडीपुढे मी कागद मानत नाही. दिल्लीच्या थंडीनं माझं एक मूल नेलं आहे.

माझा मुलगा प्रतीक ऑफिसच्या कामासाठी पानिपतला जाणार होता. मी त्याला गळ घातली, येताना कापसाच्या दोन छोट्या रजया आण. त्यानं आणल्या. स्वरूपानं त्या घडीसुद्धा न मोडता कपाटावर ठेवल्या. मग मी म्हटलं, निदान दोघांना एका पलंगावर तरी ठेव, पोटात आठ महिने एकमेकांना चिकटून होती, त्यांची ऊब त्यांना पुरेल. तेही नाही. मग म्हटलं, माझ्या अंथरुणात दे, मी दोन्हीकडे घेऊन झोपते. त्यावर तर ती नुसती बघत राहिली. तीन दिवस आमच्या घरात फक्त कामापुरतं बोलणं चालू होतं. प्रतीक दोघींच्या मध्ये उभा राहून, "आई, यार, तू पण ना," एवढंच म्हणायचा.

कुणाला हट्ट वाटेल. वाटू दे. मला एकच भीती होती. एखाद्या सकाळी या दोघांतलं एक उठणार नाही.

आशय उठला नव्हता. जानेवारी चौऱ्याऐंशी. आमचं तेव्हाचं क्वार्टर इथून दोन सेक्टर पलीकडे. मी अजूनही त्या रस्त्यानं जात नाही. आशय पाच आठवड्यांचा होता. आम्ही साताऱ्याकडची माणसं, असली थंडी जन्मात पाहिलेली नव्हती. शेजारच्या चेतनाबाई म्हणाल्या, पानिपतला चांगल्या भरीव रजया मिळतात. ओली बाळंतीण मी, तरी मूल त्यांच्याकडे ठेवून बसनं गेले आणि पाच किलोची रजई घेऊन आले. खंडेराव तेव्हा मंत्रालयात असिस्टंट होते. दार उघडून म्हणाले, "मराठे पानिपतावरून काही जिंकून आणतात, हे पहिल्यांदाच पाहतोय." आम्ही दोघं पोट धरधरून हसलो होतो. आठ दिवसांनी आशय गेला. तो विनोद आमच्या घरात पुन्हा कुणी केला नाही.

सकाळी मी त्याला उचललं तेव्हा तो गेलेला होता. अंग अजून कोमट होतं आणि केस ओले होते. खंडेराव त्याला माझ्या हातातून ओढून घेऊन दवाखान्याकडे पळाले. मला चेतनाबाईंनी त्यांच्या घरात नेलं. दुपारी मला परत आणलं, तर आमच्या खोलीची खिडकी सताड उघडी. खंडेराव खाली मान घालून म्हणाले, "थंडीनं गेला. रात्री सिगारेट ओढायला मी खिडकी उघडली, लावायची राहिली." तेव्हा मला ओल्या केसांचा अर्थ लागला. रात्रभर धुकं आत येत होतं. माझ्या लेकराच्या डोक्यावर दव पडत होतं आणि हा माणूस घोरत होता.

मी त्यांना सोडून गेले नाही, एवढंच. माफ मात्र केलं नाही. चाळीस वर्षं आमच्या कुठल्याही भांडणात माझा शेवटचा शब्द 'खिडकी' असे. लाइटबिल भरायचं राहिलं, खिडकी. गाडी चुकली, खिडकी. त्यांनी सिगारेट त्याच दिवशी सोडली, उलट उत्तर देणंही सोडलं. पुढे तीन वर्षांनी प्रतीक झाला, तर रात्री हे पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मी घातलेलं पांघरूण हळूच काढून टाकायचे. मी घालायची, ते काढायचे. "एक घालवलात, आता दुसरा घालवा," असं मी त्यांना म्हटलेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा. ऑफिसात डुलक्या घेतात म्हणून त्यांचं प्रमोशन अडलं, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. प्रतीक हे सगळं ऐकत मोठा झाला. त्याला वाटतं ती आमच्या घरातली एक गंमत आहे. आम्ही एकत्र असलो की रोज झोपण्यापूर्वी तो ओरडतो, "बाबा, खिडकी लावली ना?"

तर चौथ्या दिवशी स्वरूपानं तोडगा काढला. "आई, आज सिस्टर येणार आहेत वजन करायला. त्या म्हणतील तसं करू." मी म्हटलं, चालेल. मला वाटलं, बाई पहाडातली आहे, थंडी म्हणजे काय हे तिला तरी कळेल.

अलकनंदा सिस्टर दुपारी आल्या. गढवालच्या, पन्नाशीच्या, हात गरम पाण्यानं धुऊनच लेकरांना शिवणाऱ्या. मला आवडल्या. दोघांची वजनं झाली, मुलाचं जरा कमी भरलं. मी लगेच कपाटावरच्या रजया खाली काढल्या आणि हिंदीत माझी बाजू मांडली. सिस्टरनं ऐकून घेतलं. मग मुलाच्या मानेमागे दोन बोटं घालून मला म्हणाल्या, "माताजी, यहाँ हाथ रखिए. गरम है ना? बस, इतना काफ़ी है. इससे ज़्यादा हुआ तो बच्चे को पसीना आता है. और ये रजाई मुँह पर आ गई तो वो हटा नहीं सकता. इतने छोटे बच्चे रोते भी नहीं. चुपचाप चले जाते हैं. दोनों को अलग सुलाइए, पीठ के बल, ऊपर कुछ नहीं."

"मेरा पहला बच्चा ठंड से गया है," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. "इसी कॉलनी में."

सिस्टरनं विचारलं, "कितने का था?"

"पाँच हफ़्ते का. मेरे पति ने खिड़की खुली छोड़ दी थी. सुबह देखा तो ओस से बाल भीगे हुए थे."

"ऊपर क्या ओढ़ाया था?"

मला आठवतं, मी हे अभिमानानं सांगितलं. माझ्याकडून काही कमी पडलं नव्हतं हे तिला कळावं म्हणून. "पानिपत की रजाई. पाँच किलो की. मैंने ख़ुद ओढ़ाई थी, सिर तक."

सिस्टरच्या हातात वजनाच्या काट्यावरचं दुपटं होतं. ते त्यांनी घडी केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी केलं. स्वरूपा माझ्याकडे बघेना. मग सिस्टर फार हळू आवाजात म्हणाल्या, "पुरानी बात है, माताजी. उस ज़माने में किसी को पता नहीं था. अब कोई पक्का कह भी नहीं सकता. आप मन में मत रखिए."

मी काय मनात ठेवू नये, हे त्या बोलल्या नाहीत. चहासुद्धा न घेता निघून गेल्या.

मी गणित शिकवलेली बाई आहे. पायऱ्या मांडायला मला वेळ लागत नाही. खिडकीतून धुकं आलं असेल तर रजई ओली हवी, उशी ओली हवी. रजई कोरडी होती. तीच तर मी बाजूला करून त्याला उचललं होतं. डोकं रजईच्या आत होतं, मग डोक्यावर दव कुठून पडेल? आणि थंडीनं गेलेलं मूल कोमट कसं असेल? हे सगळं मी माझ्या हातांनी पाहिलं होतं. चाळीस वर्षं रोज पाहत होते आणि रोज त्याचं उत्तर चुकीचं काढत होते. माझे हात मला नकोसे झाले.

खंडेराव बाहेरच्या खोलीत बंडी, स्वेटर, वर शाल घेऊन पेपर वाचत होते. शहात्तर वर्षांचे आहेत. मी दार ओढून घेतलं आणि समोर उभी राहिले.

"अहो, आशयचे केस कशानं ओले होते?"

त्यांनी पेपर खाली केला नाही.

"डॉक्टर काय म्हणाले होते तुम्हाला?"

"वैजू, आता कशाला ते."

"काय म्हणाले होते?"

"दम कोंडला म्हणाले. घामानं भिजलाय, पांघरूण फार झालं असेल." पेपर त्यांनी गुडघ्यावर ठेवला. "मी परत आलो तर तू चेतनाबाईंच्या घरात भिंतीवर डोकं आपटत होतीस. माझं काय कमी पडलं, माझं काय कमी पडलं, एवढंच म्हणत होतीस. मी काय सांगणार होतो?"

"आणि खिडकी?"

"बंद होती. तुला आणण्याआधी मी उघडली."

मला वाटलं होतं मी रडेन. मला राग आला. इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता, खिडकीच्या वेळीसुद्धा नाही. "आणि प्रतीकला मी त्याच रजईत घालत होते तेव्हा? तेव्हाही तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प कुठे बसलो," ते म्हणाले. "जागत होतो."

मी खाली बसले. फरशीवरच बसले. चाळीस वर्षांत या माणसाला मी काय काय बोलले ते एकेक करून आठवत होतं आणि त्यातलं एकही परत घेता येण्याजोगं नव्हतं. त्यांनी मला उठवण्यासाठी हात पुढे केला. तो धरायची माझी लायकी नव्हती. तरी धरला, कारण गुडघ्यांमुळे मला एकटीला उठता येत नाही.

"मुलांना काही बोलू नकोस," ते म्हणाले. "त्यांना काय करायचंय? आहे ते बरं चाललंय."

सात वाजता प्रतीक आला. आल्याआल्या हात धुऊन लेकरांच्या खोलीत गेला. सिस्टर रजईला नाही म्हणाल्या, एवढं स्वरूपानं त्याला सांगितलं असावं, कारण तो माझ्याशी फार सांभाळून बोलत होता. जेवताना त्यानं मुद्दाम वातावरण हलकं करायचं म्हणून नेहमीचा आवाज काढला. "चलो, आज जाम ठंडी आहे. बाबा, खिडकी लावली ना?"

खंडेराव नेहमीसारखे हसले. "लावली, लावली," म्हणाले आणि भाताकडे बघू लागले. हे हसू मी चाळीस वर्षं पाहिलेलं आहे. त्यात काय होतं ते मला आज पहिल्यांदा दिसलं.

"खिडकी बंदच होती," मी म्हटलं.

"कधी?" प्रतीक म्हणाला.

"वैजू, राहू दे," खंडेराव म्हणाले.

"आशय गेला तेव्हा. खिडकी बंद होती. यांनी काही केलेलं नाही. रजई मी घातली होती, डोक्यावरून. तो आत गुदमरून गेला." मग मी प्रतीककडे बघून म्हटलं, "तुलाही त्याच रजईत घातलं होतं. तुझे बाबा रात्रभर बसून ती काढत होते, म्हणून तू आहेस. तो खिडकीचा विनोद पुन्हा करायचा नाही."

प्रतीक वडिलांकडे बघत होता, खंडेरावांनी दोन्ही हातांनी ताटाची कड धरली होती. आतल्या खोलीत दोघांतलं एक कुरकुरलं. मी सवयीनं उठले. स्वरूपा माझ्या आधी उठली, जवळजवळ धावलीच, आणि खोलीच्या दारात पाठमोरी उभी राहिली. तिनं मला अडवलं असं मी म्हणणार नाही. पण मला आत जायला जागा नव्हती.

मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तशीच उभी राहिले असते. मी परत येऊन माझ्या ताटावर बसले.