बाल्कनीचं दार

हेमाने बाल्कनीत बादली ओतली आणि पाणी उलट्या बाजूला गेलं.

पाणी जायची जाळी भिंतीच्या कडेला, दाराजवळ होती. मागच्या आठवड्यात टाइल्स बसवून झाल्यावर गवंड्याने पाणी सोडून दाखवलं होतं, तेव्हा ते नीट वळून जाळीत गेलेलं. आज ते सरळ रेलिंगकडे धावलं आणि कडेवरून खाली अंगणात ठिबकायला लागलं. हेमा झाडू हातात धरून बघत राहिली. मग तिला कळलं की आपण त्या बाल्कनीतच उभ्या आहोत. ती पाठमोरीच दोन पावलं मागे आली, उंबरठा ओलांडून खोलीत शिरली, आणि खाली बसून उंबऱ्याजवळची फरशी बघू लागली.

उंबरा आणि पहिली टाइल यांच्यामध्ये एक रेघ गेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सलग. तिने नख घातलं. नख आत गेलं.

खडवलीचं हे घर जवळजवळ तयार झालं होतं. रविवारी वास्तुशांत होती, म्हणून रजा टाकून ती एकटीच साफसफाईला आली होती. नवरा आनंद ठाण्यात ऑफिसला, सासरे श्रीपादराव, म्हणजे अप्पा, घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर. हे घर खरं तर अप्पांसाठीच होतं. बाविसाव्या मजल्यावर त्यांना करमत नव्हतं. इथून भातसा नदी दिसते, वरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसेन, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

हेमाने केदारला फोन लावला.

केदारला निवडलं होतं तिनेच. आनंदचं म्हणणं होतं की आर्किटेक्ट वेगळा घ्यावा, बांधणारा वेगळा. आर्किटेक्ट आपल्या बाजूने कामावर लक्ष ठेवेल. पण हेमाने कल्याणला सख्ख्या बहिणीचं, शुभदाचं, घर अडकलेलं पाहिलं होतं. गच्ची गळायला लागली तेव्हा आर्किटेक्ट म्हणाला काम वाईट, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ड्रॉइंग चुकीचं. दोघांच्या भांडणात शुभदाने दोन पावसाळे घरात बादल्या मांडून काढले होते. केदारची कंपनी नकाशापासून किल्ली हातात देईपर्यंत सगळं स्वतः करायची. “जाब विचारायला एकच माणूस असलेला बरा,” हेमा म्हणाली होती, आणि आनंदने ऐकलं होतं.

आणि केदार खरंच चांगला निघाला. फोन उचलायचा, वेळेवर यायचा, कशालाच नाही म्हणायचा नाही. मध्येच अप्पांना वाटलं, बाल्कनी अजून थोडी पुढे हवी, चार माणसं बसली पाहिजेत. केदारने तिथेच खडूने जमिनीवर रेघा मारल्या, “होऊन जाईल, अप्पा,” म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात स्लॅब टाकूनही झाला. वेगळा आर्किटेक्ट असता तर महिना गेला असता, असं तेव्हा सगळे कौतुकाने म्हणाले.

तो दुपारी आला. पायातले बूट काढून बाल्कनीच्या दारात उकिडवा बसला. रेघेवरून बोट फिरवलं.

“प्लास्टरचा तडा आहे, वहिनी. हेअरलाइन. नव्या घराला जातोच. रविवारच्या आधी भरून देतो.”

हेअरलाइन हा शब्द हेमाच्या रोजच्या कामातला होता. ती ठाण्याच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. केसाएवढी रेघ दिसली तरी तिथे त्याला हाड मोडलं म्हणत. शिवाय फोटो ती काढायची, पण वाचायचा दुसऱ्याने, असा तिथला नियम होता.

“आणि पाणी पुढे का जातंय?”

“टाइलवाल्याने उतार चुकवला असेल.”

“मागच्या आठवड्यात बरोबर होता. मी स्वतः बघितलाय.”

केदार हसला, पण नजर तड्यावरच होती.

“केदार, बाल्कनी वाढवली तेव्हा हिशोब कोणी तपासला?”

“मीच की.”

“आणि स्लॅब टाकताना सळ्या बरोबर पडल्या का ते?”

“मीच. वहिनी, सगळं एकाच माणसाकडे पाहिजे म्हणून तर तुम्ही मला घेतलंत ना?”

तो खेळीमेळीनेच बोलला होता. पण हेमाला आता दिसलं. हे घर उभं राहताना केदारशिवाय दुसऱ्या कोणी कामाकडे पाहिलेलंच नाही. आणि आता ते सुरक्षित आहे की नाही हे विचारायलाही हाच.

तो गेल्यावर ती खाली अंगणात आली. मान वर करून बाल्कनीकडे बघताना तिला वाटलं, पुढची कड जरा झुकलीय. मग वाटलं, नाही, भास असेल. तिने फोटो काढले आणि लांबूनच वळसा घालून फाटकाबाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती उर्वीकडे गेली. उर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअर, हेमाच्या हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीची भाची. मोबाइलवरचे फोटो तिने मोठे करून करून पाहिले.

“हे केवढं बाहेर काढलंय! आधी एवढंच होतं का?”

“नाही. नंतर वाढवलं.”

“आणि खालचे टेकू?”

“काढून दोनेक आठवडे झाले.”

उर्वीने फोन टेबलावर ठेवला. “फोटोवरून मी काही ठामपणे सांगणार नाही, काकू. सोमवारी येऊन बघते, त्याआधी मी नाशिकला अडकलेय. पण माझं घर असतं ना, तर मी कोणाला तिथे पाऊल टाकू दिलं नसतं. खालूनही जाऊ दिलं नसतं. आधी टेकू लावा.”

“पडेल?”

“पडणार नाही असं मी म्हणू शकत नाही.”

हेमाने रिक्षातूनच केदारला टेकू लावायला सांगितलं. तो “बघतो” म्हणाला. घरी आनंदला सांगितलं तेव्हा तो वैतागला.

“अगं, परवा शंभर माणसं येतायत. गुरुजी ठरलेत. केदारने बघितलंय ना? त्या मुलीने घर पाहिलेलंसुद्धा नाही.”

“म्हणूनच ती सोमवारपर्यंत थांबा म्हणतेय.”

“वास्तुशांत पुढे ढकलायची? अप्पांना काय सांगू? हेमा, तूच निवडलंस त्याला. आता तुझाच विश्वास नाही?”

तिने हट्ट सोडला नाही. कार्यक्रम होणार, पण बाल्कनीचं दार बंद राहणार, एवढ्यावर आनंद कसाबसा तयार झाला.

रविवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी खडवलीला पोचली. टेकू लावलेले नव्हते. तडा मात्र पांढऱ्या सिमेंटने भरून साफ केलेला, आणि त्या पांढऱ्यातूनच पुन्हा बारीक काळी रेघ उमटलेली. हेमाने घाईघाईने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. खाली आली तर जेवणवाल्याने बाल्कनीच्या सावलीत टेबलं मांडली होती.

“ही हलवा. तिकडे, झाडाखाली.”

“ताई, इथे मस्त सावली आहे.”

“हलवा म्हणतेय ना!”

तिचा आवाज इतका चढला की माणसं वळून बघायला लागली. टेबलं हलली. तिने दोन खुर्च्या आडव्या टाकून ती जागा अडवली. पूजेला बसल्यावर गुरुजी काय सांगतायत ते तिच्या कानात शिरत नव्हतं. वरच्या खोलीत पावलं वाजली की तिचा हात कमरेकडे जात होता. कोणीतरी म्हणालं, फोटो बाल्कनीत काढू. कोणीतरी दाराची कडी हलवून बघितली. आनंदने आहुती टाकता टाकता तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि तो होमाचा नव्हता.

केदार बारा वाजता आला, बायकोला घेऊन. त्याला शाल-नारळ द्यायचा होता. तो झाल्यावर पाहुणे त्याच्याभोवती जमले, घर बघायला सगळे वर गेले, आणि दारापाशी अडले.

“कुलूप का?” आनंदच्या मामांनी विचारलं.

“बाल्कनीत जायचं नाहीये आज,” हेमा म्हणाली.

“का?”

तिला खोटं सुचलं नाही. “मला ती पक्की वाटत नाही.”

केदारच्या बायकोने मान खाली घातली. शाल अजून केदारच्या खांद्यावर होती.

“वहिनी, हे तुम्ही मला फोनवर बोला. चार लोकांसमोर नको.” त्याने हात पुढे केला. “किल्ली द्या.”

“नाही देणार.”

“हेमा,” आनंद हळूच म्हणाला, “दे. उगाच तमाशा नको.”

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने किल्ली दिली. याची तिला पुढे कितीतरी दिवस चीड येत राहिली.

केदारने दार उघडलं. बाहेर ऊन लख्ख होतं. तो सावकाश चालत गेला, रेलिंगला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, “बघा. उभा आहे ना?”

हेमा त्याच्या पायांकडे बघत नव्हती. ती उंबऱ्याकडे बघत होती. पांढरं सिमेंट भुगा होऊन निखळलं आणि रेघ तिच्या डोळ्यांदेखत रुंद झाली. कुठेतरी आत, भिंतीच्या पोटात, ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

केदारचे हात तसेच पसरलेले राहिले. चेहरा मात्र पार पांढरा पडला. त्याला हलताच येईना.

“खाली बस!” आनंद ओरडला. “बस आणि रांगत ये!”

तेवढ्यात हेमाला खालून अप्पांचा आवाज आला. त्यांना ऐकू कमी यायचं. एवढ्या गर्दीत जिना चढायला नको म्हणून ते खालीच थांबले होते, आणि आता वर काय चाललंय ते बघायला आडव्या टाकलेल्या खुर्च्या बाजूला करून बाल्कनीखाली येऊन उभे होते. “काय रे आनंदा, कसली गडबड आहे?” ते विचारत होते.

जिना कसा उतरली ते हेमाला आठवत नाही. अंगणात आली तेव्हा वरून माती गळत होती, अप्पांच्या पांढऱ्या टोपीवर पडत होती, आणि ते टोपी काढून झटकत होते. ती हाका मारत बसली नाही. तिने त्यांच्या दंडाला धरून जोरात ओढलं. दोघंही तुळशीच्या नव्या वृंदावनाजवळ आडवे झाले. अप्पा “अगं, अगं” म्हणत असतानाच पाठीमागे धाडकन आवाज आला.

धूळ बसल्यावर दिसलं ते असं. बाल्कनी पूर्ण पडली नव्हती. ती मान मोडल्यासारखी खाली लोंबत होती, वाकलेल्या सळ्यांवर. रेलिंग आणि पुढच्या टाइल्स अंगणात विखुरल्या होत्या. अडवणीच्या एका खुर्चीचा चुराडा झाला होता. वर दारात आनंद पालथा पडला होता. त्याने केदारचं मनगट धरलं होतं, आणि आनंदच्या पायांना मामांनी. केदारचे गुडघे सोलवटले होते, पण तो उंबऱ्याच्या आत होता.

रडणं, ओरडणं सगळं नंतर सुरू झालं. तोवर हेमा अप्पांचे हात, पाय, बरगड्या दाबून बघत होती. कुठेही दुखत नव्हतं. “माझा चष्मा बघ गं,” एवढंच ते म्हणत होते.

पाहुणे न जेवता निघून गेले. केदार ओट्याच्या पायरीवर बसून राहिला. हेमाने त्याला पाणी दिलं.

“वहिनी, गुरुवारी बघितलं तेव्हाच मला भीती वाटलेली,” तो म्हणाला. “टेकू लावला असता तर पाहुण्यांनी विचारलं असतं. मी स्वतःलाच समजावत राहिलो, काही नाही, काही नाही. आज वाटलं, उभा राहिलो आणि टिकली तर मग खरंच काही नाही. विचारू कोणाला? सगळं माझंच होतं.”

हेमाला त्याचा संताप यायला हवा होता. पण तिला समोर फक्त घाबरलेला माणूस दिसत होता.

सोमवारी उर्वी आली. मोडलेल्या कडेतून सळ्या उघड्या पडल्या होत्या. तिने बोटाने दाखवलं. अशा बाहेर काढलेल्या स्लॅबमध्ये जाड सळ्या वरच्या अंगाला लागतात. इथे त्या तळाशी होत्या. काँक्रीट टाकताना माणसं त्यांच्यावर चालली, त्या दबल्या, आणि कोणी पाहिलं नाही. वाढवलेल्या लांबीला सळ्याही कमीच होत्या. उरलेलं घर तपासायला तिने आठवडाभर घेतला. जिन्याजवळचा एक बीम सोडला तर बाकी सगळं ठीक निघालं.

आनंदला केदारला हाकलून द्यायचं होतं. “तू म्हणालेलास तसं वेगवेगळे घेऊ का मग?” हेमाने विचारलं. त्याने चार ठिकाणी फोन करून पाहिले. नवीन कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्याचं मोडकं काम अंगावर घ्यायला तयार नव्हते, आणि जे तयार होते त्यांना घाई होती. शेवटी केदारच काम पुरं करणार, पण प्रत्येक टप्पा उर्वी बघणार, आणि तिने हो म्हटल्याशिवाय काँक्रीट टाकलं जाणार नाही, असं ठरलं. उर्वीला नेमलं हेमा-आनंदने, केदारने नाही. केदारने एका शब्दाने वाद घातला नाही.

वाद पुढे झाले, पुष्कळ. बीमच्या वेळी उर्वीने दोनदा काम थांबवलं. मोडकी बाल्कनी उतरवून तिथे दाराच्या जागी मोठी खिडकी केली. दिवाळीनंतर ते राहायला गेले. अप्पा खिडकीशी बसतात. हेमा अजून कोणत्याही बाल्कनीखालून जात नाही. कामाच्या दिवशी घोडबंदर रोडला गेली तर ती फुटपाथ सोडून गाड्यांच्या कडेने चालते आणि आनंदच्या शिव्या खाते.

परवा केदारचा फोन आला. मोहन्याला त्याला एक नवीन काम मिळालंय, दुमजली.

“वहिनी, उर्वी मॅडम माझ्या कामावर येतील का हो? म्हणजे, मालकांनाच सांगतो मी, तुम्ही त्यांना नेमा म्हणून. पण मी आधी विचारलं तर त्या रागावतील?”

“रागावतील थोड्या,” हेमा म्हणाली. “तरी विचार.”

आणि तिने नंबर पाठवून दिला.