स्टेपनी

आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक ऐन वेळी दगा देतात, म्हणून भाग्येशने जिवाचं रान केलं. बोईसरच्या भंगारवाल्याकडून एका एसयूव्हीच्या ब्रेकच्या थोराड डिस्क आणल्या, त्यावर भलत्याच गाडीचे कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारे चिमटे, बसवले. तर ते जुन्या चाकांत मावेनात! चरफडत त्याने चारही चाकं मोठी घेतली. आता मात्र नुसता पाय टेकवला की गाडी जागच्या जागी थांबायची.

रविवारी तो बायकोला, उषाला, घेऊन ऐटीत चिंचणीला निघाला. पाम गावाजवळ पुढचं चाक पंक्चर झालं. त्याने जॅक लावला, चाक काढलं, डिकीतली स्टेपनी आणली. ती मेली बसेचना! फिरवून पाहिली, लाथ घातली. कॅलिपर आडवा येत होता. चार चाकं बदलली, पण पाचवं डिकीत जुन्याच मापाचं राहिलं होतं.

"आयला या कॅलिपरच्या!" त्याने पाना रस्त्यावर आपटला.

उषा शांतपणे खाली उतरली.

"आता कशाला चिडताय? गाडी थांबत नाय, थांबत नाय म्हणून माझा जीव खाल्लात. घ्या, थांबली!"