वीतभर माती

पाऊस थांबून जेमतेम एक दिवस झाला होता. तरी उद्यानाच्या फाटकावर 'भिंत खुली' असं लिहिलेलं दिसलं आणि मी सायकल तिथेच टाकून आत धावले.

भिंत म्हणजे उद्यानाच्या मागचा वाळूच्या दगडाचा कडा, तीस मीटर उंच. त्यावर चढायला गिर्यारोहण मंडळाला वर्षभराची परवानगी मिळाली होती, आणि ती वाढवायची की नाही हे त्याच दिवशी चार वाजता खात्याच्या बैठकीत ठरणार होतं. चढाईचे नियम मी लिहिले होते, कारण उद्यान खात्यात भूविज्ञान शिकलेली मी एकटीच. भिजलेल्या वाळूच्या दगडाची ताकद निम्म्यावर येऊ शकते. वरून तो लवकर सुकतो, आतून नाही, आणि हात लावून ते कळत नाही. म्हणून चौथा नियम: कड्याच्या पायथ्याशी वीतभर खणा, माती ओली लागली तर भिंत बंद.

त्या दिवशी खणायची पाळी माझ्या दिराची होती. तो गिर्यारोहण मंडळाचा चिटणीस.

मी पोचले तेव्हा तो मान वर करून दोर सोडत होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला, अठरा मीटरवर, त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ. घरात तिला सगळे खारू म्हणतात.

"भाऊजी, माती बघितलीत?"

"वीतभर काय, दीड वीत खणलंय, वहिनी. नुसता भुगा आहे." त्याने पायाजवळच्या खड्ड्याकडे हनुवटीने खूण केली. "बघा, तुमचं समाधान होऊ दे."

खड्डा खरंच कोरडा होता. मी वर पाहिलं. आमच्या डोक्यावर कडा छपरासारखा दोन मीटर पुढे आला होता. त्या पट्ट्यात पाऊस पोचतच नाही. चार पावलं बाहेर जाऊन मी माती उकरली. बोटाच्या दुसऱ्या पेराशीच ती चिकट लागली, मुठीत दाबल्यावर तिचा गोळा झाला.

तो गोळा मी दिरासमोर धरला. दोर सोडायची सोय नव्हती, नाहीतर त्याने डोकं धरलं असतं.

"तिला लगेच खाली घेतो."

"दोर ताणू नका! तिचं सगळं वजन दगडात ठोकलेल्या त्या एका बोल्टवर येईल. बोल्ट मजबूत आहे, तो धरणारा दगड नाही."

"काय कुजबुज चाललीये?" खारू वरून ओरडली. "माझी निंदा असेल तर जरा मोठ्याने करा!"

"खारू, आहेस तिथेच थांब. दगड आतून ओला आहे. नुसती उभी राहा, काही ओढू नकोस."

ती दगडाला चिकटली. मग, "ताई, डावा पाय थरथरतोय."

"थरथरू दे. मी वरून दुसरा दोर सोडते."

दिराच्या पायाशी पडलेला जादा दोर मी खांद्यावर टाकला. मागच्या बाजूला दोनशे दहा पायऱ्या आहेत. मी त्या मोजल्या. मोजताना दुसरं काही डोक्यात येत नाही. वर कवेत न मावणारं एक झाड आहे. त्याला दोराचे दोन वेढे दिले, शेवटच्या टोकाला गाठ मारली, गाठ पुन्हा तपासली. हात घाईत होते, डोळ्यांना मी घाई करू दिली नाही. दोर घासू नये म्हणून कड्याच्या धारेवर जॅकेट पसरलं आणि दोर सोडला.

"हातभर दूर आहे! तुमच्या डावीकडे घ्या!"

मी तो डावीकडे झुलवला.

"मिळाला. अडकवला."

"कमरेच्या हार्नेसलाच ना? परत बघ."

"बघितलं हो ताई, आता शाळा नका घेऊ!"

मी दोर आवळला. तेवढ्यात खाली काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि दोर झटक्याने ताठ झाला. झाड हललं नाही.

"आहे मी," खारू म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "पायाखालचा दगड गेला."

"भाऊजी?"

"मी छपराखाली आहे. ठीक आहे."

वेढ्यांवरून दोर थोडा थोडा सोडत तिला जमिनीवर पोचवायला मला सात मिनिटं लागली. मी खाली आले तेव्हा ती मातीत पाय पसरून बसली होती. दिराच्या हातात नियमांची वही होती.

"वहिनी, यात 'पायथ्याशी' लिहिलंय. मी पायथ्याशीच खणलं."

वाक्य माझं होतं. पायथा म्हणजे छपराखालचा की बाहेरचा, हे मी लिहिलंच नव्हतं.

"कुणाला काही झालेलं नाही," तो हळूच म्हणाला. "नियम आपण गुपचूप दुरुस्त करू. आज नोंद केलीत तर चार वाजता भिंत गेलीच. कुणाला कळणार आहे?"

"पुढच्या वेळी जी वर असेल तिला कळेल," खारू म्हणाली. "लिहा ताई."

मी वेळ लिहिली, उंची लिहिली, कोरड्या पट्ट्याची रुंदी टेपने मोजून लिहिली. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "हा नियम कुणाचा?" दीर उठायला लागला. मी त्याच्या आधी हात वर केला.

परवानगी सहा महिने थांबवली. घरी परतताना खारू सगळ्या वाटेत माझ्याशी बोलत होती. दीर वीस पावलं पुढे चालत राहिला, मागे वळून न बघता.