सपनाच्या पोरीचा बाप

सपनाला कळा सुरू झाल्या सोमवारी सकाळी आणि पोरगी झाली मंगळवारी दुपारी. मधले तीस तास ती बोईसरच्या त्या दवाखान्यात खाटेची दांडी धरून होती. बाळ पोटात तोंड वर करून अडलं होतं. शेवटी डॉक्टरांनी चिमटा लावून काढलं. पोरीचं डोकं लांबुळकं झालं होतं, गालांवर लाल वळ होते. आधी ती रडलीच नाही. पाठ चोळल्यावर रडली, ती मग थांबेना.

"रडू द्या तिला," पोरीच्या बापाची, मिथुनची आई नवसी म्हणाली. तीस तास सपनाची कंबर तिनंच चोळली होती. ती गावची सुईण. डोंगरातल्या त्यांच्या पाड्यावरची निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती.

चार वाजता सिस्टर जन्मनोंदीचा कागद घेऊन आली.

"लग्न कधी झालं?"

"नाय झालं."

सिस्टरचं पेन थांबलं. मग बापाच्या नावापुढं तिनं आडवी रेघ मारली. सपना आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेली. पडल्यापडल्या तिनं ते पाहिलं.

"तिथं मिथुनचं नाव लिवा."

"लग्न झालं नाही ना तुमचं."

"तरी बाप हाय तिला. नाव लिवल्याबिगर मी सही नाय करनार."

"मग कागद अडेल. घरी सोडणार नाहीत."

"ऱ्हाते हितंच."

वॉर्डातल्या बायका माना वळवून बघू लागल्या. थोड्या वेळानं दवाखान्यातल्या समाजसेविका मॅडम आल्या, खाटेशी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरू नकोस. बाळ सांभाळायचं नसेल तर तसं सांग. सोय होते."

सपनाला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ती टाके दुखत असतानाही उठून बसली आणि पोरीला छातीशी घेतलं.

"तीस तास कळा काडल्या त्या हिला टाकायला काय?"

"तसं नाही गं..."

"आमच्यात आदी संसार मांडतात, लगीन मागनं होतं. दोन वरसं मी मिथुनच्या घरात हाय. समद्या पाड्याला ठावं हाय. तुमाला ठावं नाय, तर आमाला इचारा."

नवसी म्हणाली, "माजं लगीन झालं तवा मिथुन चार वरसांचा व्हता. माज्याच मांडवात नाचला. त्याला कोनी बिनबापाचा नाय म्हटला."

पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. मॅडम हसल्या नाहीत.

नवसी उठून बाहेर गेली. पुरुषांना आत मनाई, म्हणून मिथुन कालपासून जिन्याखाली उभा होता, तारापूरच्या कंपनीतल्या निळ्या कपड्यांतच. तिनं त्याला मनगट धरून आत आणलं. मागून वॉचमन आला.

"बाप इचारत व्हत्या ना?" ती सिस्टरला म्हणाली. "ह्यो बगा."

मिथुनचं लक्ष पोरीकडं होतं. तो पहिल्यांदाच तिला बघत होता.

"डोक्याला काय झालं हिच्या?"

"वाट अडचनीची व्हती," सपना म्हणाली. "बसंल ते नीट."

त्यानं एक बोट पुढं केलं, मग ते मळकं दिसलं म्हणून मागं घेतलं. सपनानं ते ओढून पोरीच्या मुठीत दिलं.

मॅडम बघत होत्या. त्यांनी सिस्टरकडून कोरा कागद मागितला. "दोघं लिहून द्या, की बाप हाच आहे. मी डॉक्टरांशी बोलते."

मिथुननं लिहिलं. सपनानं त्याची एक वेलांटी दुरुस्त केली आणि खाली सही केली. मॅडम कागद घेऊन गेल्या. अर्ध्या तासानं परत आल्या तेव्हा त्यावर डॉक्टरांची सही होती. सिस्टरनं रेघ खोडली आणि वर नाव लिहिलं. सपनानं अक्षर न् अक्षर वाचलं, मगच पेन हातात घेतलं.

"आणि लग्न?" सिस्टरनं विचारलं.

"करू. घाई कोनाला हाय?" सपना म्हणाली.

मॅडम अजून तिथंच घुटमळत होत्या. पोरगी आता गप्प पडून छताकडं बघत होती.

"घेऊ का हिला जरा?" त्यांनी विचारलं.

सपनानं त्यांच्याकडं पाहिलं.

"हात धुवून या," ती म्हणाली.