सा सोडायचा सराव

उंब्रजच्या आमच्या भजनी मंडळात पेटी माझी. तिला हात लावायची कुणाची टाप नाही. पण पाचगणीच्या शाळेतल्या पियानोपुढं बसले आणि माझ्याच डाव्या हातानं माझं नाक कापलं. पट्ट्या दाबायच्या सोडून तो आपला हवेत भाता मारतोय! तिथं संगीत शिकवणारा माझा पुतण्या इंद्रजित हसून हसून बाकावर आडवा झाला.

त्याला शाळेच्या कार्यक्रमासाठी जॅझ बसवायचं होतं. खालचे जाड सूर धरायला, ट्यूबा नावाच्या भल्यामोठ्या पितळी वाद्यावर, त्याचे काका होते. म्हणजे आमचे हे, लालासाहेब, फौजेच्या बँडातून रिटायर झालेले. पियानोवाला ऐनवेळी सोडून गेला, तेव्हा मीच म्हटलं, मी बसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे छावणीत आणि मी घरी; दोघांनी मिळून कधी काही वाजवलंच नव्हतं. ही संधी मला सोडायची नव्हती.

इंद्रजितनं डॉमिनंट सेव्हन्थ नावाचा कॉर्ड दाखवला. सा, ग, प आणि कोमल नी एकदम दाबायचे. माहेरी निघालेल्या पोरीसारखा तो कॉर्ड पुढं जायला उतावीळ होतो. एवढं मला लगेच कळलं.

मग तो म्हणाला, "आता ह्यातला सा काढायचा. प बी नको. डाव्या हातात नुस्ता ग आनि नी, उजव्यात वर ध आनि रे."

"सा काढू? आरं, मग उरलं काय, माझं कपाळ?"

"सा काका देत्यात की खालनं. दोघांनी दिला की चिखल हुतोय. काकी, रविवारच्या कार्यक्रमापातूर जमलं न्हाई, तर मीच बसनार पियानोवर."

जमेना. बोट सा-वर जायचंच. भजनात सा मी धरते. मी सोडला की अख्खं मंडळ भरकटतं. घरातही तेच. हे फौजेत असताना ऊस, म्हशी, सासूबाई, पोरांच्या शाळा, सगळं मीच धरून होते. आणि खरं सांगते, ह्यांच्यावर भरवसाही नव्हता. दळण आणायला गेलेला हा माणूस दळण गिरणीतच विसरून येतो!

शनिवारच्या तालमीत मी पुन्हा सा दाबला. ह्यांनी ट्यूबा खाली ठेवला.

"अगं विजे, कवापातूर एकटीच धरून बसनार? म्या हाय न्हवं आता. सोड की."

मला असा राग आला! इतक्या वर्षांनी सुचलं! त्या रागातच मी ग-नी दाबले, वर ध-रे दाबले आणि सा-वरचं बोट उचललं. क्षणभर पायाखाली काहीच नव्हतं. मग खालून ह्यांचा सा आला, जाडजूड, पक्का. वरचे माझे चार सूर असे खुलले की अंगावर काटा आला. "लय भारी, काकी!" इंद्रजित ओरडला. मी पदरानं डोळे पुसले. इतका आनंद मला पेटीनं कधी दिला नव्हता.

रविवारी हॉल भरला होता. कॉर्ड आला की मी सा सोडत होते आणि हे धरत होते. मध्येच मोकळा झालेला माझा डावा हात पुन्हा भाता मारायला लागला. लोकांना वाटलं, जॅझची तशीच पद्धत असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मीही हात थांबवला नाही.

सोमवारी हे दळण घेऊन गिरणीला गेले. आठवण करून द्यायला मी फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

दळण आलं. डब्याचं झाकण तेवढं गिरणीत राहिलं.