पाच सह्यांच्या कांजिण्या

"माझ्या सहीशिवाय या आवारात जंतूसुद्धा शिरत नाही!"

असं आमचे कुलसचिव साहेब सोमवारी सकाळी अकरा वाजता, विद्यापीठाच्या सभागृहात, माइक हातात घेऊन म्हणाले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्यांनी जरा जास्तच वाजवल्या, कारण त्यांच्या फायली साहेबांच्या टेबलावर पडून होत्या. सतरा दिवसांनी मूल्यांकन समिती येणार होती आणि यंदा 'निरोगी आवार' या रकान्याला वीस गुण होते. त्या वीस गुणांसाठी साहेबांनी मुख्य फाटकाशी भलामोठा फलक लावून घेतला होता: 'आजची रुग्णसंख्या: ०'. शून्य पक्क्या ऑइलपेंटचं. मी रंगाऱ्याला विचारलं होतं, "अरे बाबा, आकडा बदलायचा झाला तर?" तो म्हणाला, "सिस्टर, ऑर्डर एकाच शून्याची आहे."

जंतू दुपारी तीन वाजता आला. सहीबिही काही न घेता.

मी इथल्या आरोग्य केंद्रातली नर्स. आरोग्य केंद्र म्हणजे सायकल स्टँडमागच्या तीन खोल्या. एकीत मी. दुसरीत डॉक्टर, फक्त गुरुवारी, आणि तेही आले तर. तिसरीवर पाटी आहे 'विलगीकरण कक्ष', आणि पाटीखाली कुलूप. चावी साहेबांच्या ऑफिसात.

आलेला पोरगा म्हणजे 'सहावं वर्ष'. पीएचडीचं सहावं वर्ष चालू आहे म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात, आणि तोही ओ देतो. गरीब गाय. लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती' लिहिलंय म्हणून मोजून चढणारा, सातवा आला तर स्वतः उतरणारा.

"सिस्टर, ढेकूण चावलेत बहुतेक," तो म्हणाला.

मी शर्ट वर करायला लावला. पाठभर पाण्याचे फोड. थर्मामीटरमध्ये एकशे एक.

"ढेकूण कसले, कांजिण्या आहेत."

"या वयात?"

"त्या जन्मतारीख विचारत नाहीत. ते काम आपल्या ऑफिसचं."

मी हसून बोलले खरी, पण डोक्यात भाचीचा विचार आला. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी प्रशासकीय इमारतीत खिडकी क्रमांक चारवर बसते. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि आता कुठे दिवस गेलेत. सातवा महिना. सुरुवातीलाच रक्त तपासलं तेव्हा कळलं की तिला लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत, अंगात प्रतिकारशक्ती नाही. तिच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, सर्दी चालेल, खोकला चालेल, पण कांजिण्यांच्या पेशंटच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. तिच्या फुप्फुसावर येऊ शकतं, बाळाच्याही जिवावर बेतू शकतं.

आणि विलगीकरण कक्षाची चावी हवी असेल तर 'नमुना सतरा' भरावा लागतो. त्यावर पाच सह्या. हॉस्टेलच्या रेक्टरबाई, विभागप्रमुख, ग्रंथालय, खिडकी क्रमांक चार, आणि शेवटी साहेब. तळाशी ठळक अक्षरात: 'अर्जदाराने प्रत्येक ठिकाणी समक्ष हजर राहावे.'

म्हणजे, कोणाला भेटू नये म्हणून खोली हवी, तर आधी सगळ्यांना भेटून या! हा नियम ज्या डोक्यातून निघाला, ते डोकं मला एकदा तपासायचंय.

मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, कांजिण्यांचा पेशंट आहे. चावी पाठवा."

"डॉक्टरांनी पुष्टी केली?"

"डॉक्टर गुरुवारी येतात."

"मग तुम्ही काय लिहिलंय?"

"मला 'संशयित' एवढंच लिहायचा अधिकार आहे."

"संशयिताला खोली देता येत नाही, सिस्टर. उद्या कोणीही उठेल आणि संशय घेईल."

"साहेब, गुरुवारपर्यंत हा पन्नास जणांना देईल."

"गुरुवारपर्यंत त्याला काही झालेलं नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "फार तर विशेष बाब म्हणून नमुना सतरा चालवून घेतो. पण पाचही सह्या. समक्ष."

"निदान चौथी खिडकी तरी वगळा. माझी भाची..."

"सिस्टर," साहेबांचा आवाज चढला, "इथे नातीगोती आणायची नाहीत!" आणि फोन आपटला.

साहेबांचा स्वतःचा मेहुणा ग्रंथालयात आहे. पण ते असो.

मी सहाव्या वर्षाला मास्क दिला आणि माझ्या खोलीतल्या कॉटवर बसवलं. "इथून हलायचं नाही. अर्ज घेऊन मी फिरते. मला लहानपणीच होऊन गेल्यात." त्यानं मान डोलावली. मी तरातरा हॉस्टेलवर गेले.

रेक्टरबाईंनी अर्ज नाकाच्या टोकावर धरून वाचला. "अर्जदार कुठेय?"

"त्याला आणलं तर तुम्हाला होईल."

"मला काय व्हायचंय? पण तो नसेल तर मी सही कोणाकडे बघून करू?"

"माझ्याकडे बघा ना!"

"तुमच्या अंगावर फोड कुठेत?"

घ्या! वीस मिनिटं डोकं फोडलं, पण बाई ढिम्म. मग डॉक्टरांच्या घरी जाऊन पाहिलं, तिथे कुलूप. पाऊण तासानं हात हलवत परत आले, तर कॉट रिकामी. उशीवर चिठ्ठी: 'सिस्टर, नमुन्यावर समक्ष लिहिलंय. माझ्यामुळे तुम्हाला मेमो नको. ड्रॉवरमधून दुसरा कोरा अर्ज घेतलाय. मास्क लावलाय.'

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नाही हो. ज्यांनी सहा वर्षं घासून घासून त्याला असा केला, त्यांच्यावर.

मी भाचीच्या खिडकीला फोन लावला. एंगेज. तिच्या मोबाइलवर लावला, तर तो ड्रॉवरमध्ये, कारण साहेबांचं परिपत्रक. मग मी पळाले. बावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, पायात ती पांढरी चप्पल.

हॉस्टेलवर रेक्टरबाई खूश. "बघा, तुमच्यापेक्षा पोरगा शहाणा. तुम्ही गेलात आणि लगेच येऊन गेला. मी त्याला मास्क काढायला लावला, ओळख पटवायला."

विभागात गेले. विभागप्रमुख म्हणाले, "आला होता. मी म्हटलं, आलाच आहेस तर पहिल्या वर्षाचा तास घे, माझा घसा बसलाय. बंद खोलीत वीस मिनिटं काय सुंदर शिकवलं! मध्येमध्ये खाजवत होता, पण फळा भरून टाकला."

"अहो, त्याला कांजिण्या आहेत!"

"हो का? तरीच. मला वाटलं, विषयाची तळमळ."

ग्रंथालयात साहेबांचे मेहुणे बसले होते. त्यांनी पोराला ताटकळत ठेवलं होतं, कारण त्याच्या नावावर एक पुस्तक बाकी निघालं. ते शोधायला त्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवला, तिथे परीक्षेचा अभ्यास करणारी साठ पोरं. पुस्तकाचं नाव विचारलं तर मेहुणे म्हणाले, "'संसर्गजन्य रोग, भाग दोन.' पण ते मुळात आमच्याकडेच होतं. आमचीच नोंद चुकली. सही देऊन टाकली बिचाऱ्याला."

"कधी?"

"झाली की दहा मिनिटं."

दहा मिनिटं! प्रशासकीय इमारतीचा जिना मी कसा चढले ते मला आठवत नाही. कॉरिडॉरमध्ये चौथ्या खिडकीपुढे रांग. रांगेच्या शेवटी सहावं वर्ष. त्याच्या मागे कोणी नवीन आलं की त्याला पुढे घेऊन तो स्वतः मागे सरकत होता. "तुम्ही आधी या. मला काही घाई नाही, नुसता ताप आहे."

तेवढ्या त्याच्या भिडस्तपणानं वाचवलं. मी त्याला ओरडून सांगितलं, "तिथेच थांब! एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ!" आणि मागच्या दारानं आत घुसले.

भाची कार्डावर शिक्का मारत होती. एक हात शिक्क्यावर, एक पोटावर.

"ऊठ!"

"मावशी? अगं काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. तू ऊठ. बाहेर कांजिण्या उभ्या आहेत."

ती अर्धी उठली. पण सरकारी शिस्त रक्तात मुरलेली. "अगं, पाचच्या आधी खिडकी बंद केली तर मेमो मिळतो."

"मेमो मिळू दे! मेमोला घुटी पाजावी लागत नाही!"

आणि मी खिडकीचं शटर धाडकन खाली ओढलं. बाहेर एकच गलका. "अहो बाई!", "ही काय मोगलाई आहे का?", "तासभर उभे आहोत!" मी भाचीच्या तोंडाला माझा मास्क बांधला, मागच्या जिन्यानं खाली उतरवली, रिक्षा केली आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात नेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, एकाच इमारतीत होती, धोका पत्करायला नको. त्यांनी संरक्षणाचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, अठ्ठावीस दिवस घरी, रोज अंग बघायचं. भाची रिक्षात एकदाच बोलली. "मावशी, नऊ वर्षं गं." मी तिचा हात धरला. त्या वेळी मला कुठलाही विनोद सुचला नाही.

मागे काय झालं ते मला शिपायानं सांगितलं.

गलका ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. शटर वर करायला लावलं आणि म्हणाले, "काम कसं करतात ते मी दाखवतो!" आणि भाचीच्या खुर्चीत स्वतः बसले. सगळी रांग उरकली. शेवटी सहाव्या वर्षाचा नंबर आला. साहेबांनी ओळखपत्र मागितलं. फोटो बघितला, चेहरा बघितला, पुन्हा फोटो बघितला.

"हा तू नाहीस."

"सर, मीच आहे. फोटोत फोड नाहीत."

"तेच म्हणतोय मी. जुळत नाही."

एरवी कोणी सोडून दिलं असतं. पण साहेब म्हणजे नियमाचे पक्के! त्यांनी त्याला आत बोलावलं, मास्क काढायला लावला, समोर बसवलं, दार लावून घेतलं, चष्मा बदलला आणि भिंग घेऊन त्याच्या तोंडाशी तोंड नेलं. डावा कान जुळला. नाक जुळलं. हनुवटीवर एक फोड होता, तो तीळ आहे की काय यावर पाच मिनिटं गेली. शिपाई म्हणाला, "साहेब, जरा लांबून बघा." साहेब म्हणाले, "मला आयुष्यात कधी साधा गोवरसुद्धा झालेला नाही." पंचवीस मिनिटांनी ओळख पटली. त्यांनी चौथी सही केली, मग उठून आपल्या केबिनमध्ये गेले आणि पाचवी केली.

चावी मिळाली. विलगीकरण कक्ष उघडला, तर आत समितीसाठी मागवलेल्या दोनशे खुर्च्या. छतापर्यंत. सहावं वर्ष माझ्याच खोलीत झोपला. गुरुवारी डॉक्टर आले, लांबूनच म्हणाले, "हो, कांजिण्याच," आणि तो एकदाचा अधिकृतपणे आजारी पडला. फलकावर मात्र शून्यच, कारण रंगारी गावाला गेला होता.

मला मेमो आला: 'विनापरवानगी खिडकी बंद करणे.' मी उत्तरात लिहिलं, 'पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.' अजून त्याची फाईल फिरतेय.

भाचीच्या रजेचा किस्सा तर विचारूच नका. मी कारण लिहिलं, 'संसर्गाचा धोका'. अर्ज परत आला. शेरा: 'आवारात रुग्णसंख्या शून्य असल्याने कारण ग्राह्य नाही.' मग मी लिहिलं, 'कंबर धरली आहे'. त्याच दिवशी मंजूर, महिनाभराची, साहेबांच्या सहीनिशी. खरं बोललं तर शेरा, खोटं बोललं तर सही! आणि वर आपणच पोरांना नीतिमूल्यांचा पेपर देतो. शंभर मार्कांचा.

तिच्या जागी दुसरं माणूस द्या म्हणून मी तीनदा लिहिलं. साहेबांनी शेरा मारला, 'गरज नाही, काम सुरळीत आहे.'

भाचीचं अंग मी रोज सकाळी बघत होते. पाठ, मान, पोट, कानामागे. ती वैतागायची, "मावशी, मी काय आंब्याची पेटी आहे का?" मी म्हणायचे, "गप पड." अठ्ठावीस दिवस गेले. काही नाही. बाळ आत लाथा मारतंय. मारू दे. त्याला पुढे अर्ज भरायचेत.

बाकीच्यांचं मात्र दोन आठवड्यांतच सुरू झालं होतं. आधी पहिल्या वर्षाच्या वर्गातली नऊ पोरं. मग रेक्टरबाई. मग विभागप्रमुख, त्यांची तळमळ पायापर्यंत गेली. मग साहेबांचे मेहुणे. सगळ्यांना मी घरी पाठवलं आणि कोणालाही नमुना सतरा भरू दिला नाही. विचारलं तर सांगायचे, "छापील फॉर्म संपलेत."

सतराव्या दिवशी समिती आली. साहेब फाटकाशी, फलकाखाली, सुटात उभे होते. समितीच्या अध्यक्षांनी हात मिळवला आणि विचारलं, "तुमच्या कपाळावर हे काय?"

"डास," साहेब म्हणाले.

दुपारी ते माझ्याकडे आले. मागच्या दारानं, रुमालानं तोंड झाकून. एकशे दोन ताप. शर्ट वर केला तर बघवेना.

"सिस्टर, कोणाला कळायला नको. समिती उद्यापर्यंत आहे. मला तो कक्ष हवा. खुर्च्या आता बाहेर आहेत, जागा आहे."

"चावी तर तुमच्याच ऑफिसात आहे, साहेब."

"ती आता माझ्या कारकुनाच्या ताब्यात आहे. समिती आहे तोवर पाच वेगवेगळ्या माणसांच्या सह्यांशिवाय कोणालाच द्यायची नाही, असा हुकूम मीच काढलाय." त्यांनी खिशातून नमुना सतरा काढला. "रेक्टर, विभाग, ग्रंथालय, तिघांच्याही घरी जाऊन सह्या आणल्यात. समक्ष. पाचवी माझी मी केली."

मी अर्ज नीट वाचला. मग त्यांना प्रशासकीय इमारतीत वर खिडकीपाशी घेऊन गेले.

खिडकी क्रमांक चार बंद होती. शटरवर साहेबांच्याच सहीचा कागद होता: 'संबंधित कर्मचारी महिनाभर रजेवर. अर्जदारांनी त्यानंतर समक्ष यावे.'